तिसऱ्यांनी सोडलेली वाळू

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, मला तिसऱ्या हव्यात. बाजारातल्या न्हाय, आपल्या खाडीतल्या." डोहाळे म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. ओहोटीला जाऊन चिखलवाळूत हात घालून टोपलीभर जिवंत शिंपल्या काढून आणल्या.

आणल्या की त्या खाऱ्या पाण्यात ठेवायच्या. शिंपलं जरासं उघडून त्या पोटातली वाळू आपणहून सोडतात. दुपारी पातेल्यातलं पाणी ओतलं, तर तळाला वाळूबरोबर प्लास्टिकचे हिरवे तंतू. केसाएवढे बारीक, काही तर नुसते ठिपके. पाणी बदललं. पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. काशीदच्या किनाऱ्यावर येऊन बाटल्या-पिशव्या टाकून जाणाऱ्या पर्यटकांचा मी मोठ्यानं, मनसोक्त उद्धार केला.

नवरा ओटीवर नायलॉनचं जाळं शिवत होता. फाटका भाग ब्लेडने कापायचा, तुकडे अंगणात झटकायचे; आमचं अंगण संपतं तिथे खाडी. त्याच्या मांडीवरचं जाळं बघून माझं बोलणं मध्येच थांबलं. रंगात काडीचा फरक नव्हता.

पातेलं त्याच्यासमोर आदळलं. त्यानं एक तंतू बोटावर घेऊन उन्हात धरला. "आपलाच दिसतोय," म्हणाला. मग माझ्यावरच तडकला, "मंग काय सुती जाळं लावू? चार दिवसांत कुजंल. खायचं काय?"

मी आणखीच चिडले. तुकडे गोणीत भरून ठेव म्हटलं. त्यानं भरले. पण आजवर खाडीत गेलेले कोण वेचणार? आणि गावात जाळी काय आमची एकट्यांचीच आहेत?

पाणी बदलत राहिले. तंतू कमी झाले, संपले नाहीत. तिसरीचं पोट काढून टाकता येत नाही, ती आख्खीच खायची. सगळ्या परत खाडीत ओतून याव्यात असं मनात आलं, तेवढ्यात आतून हाक आली, "आई, झालं का गं?" मी खोबरं वाटायला घेतलं.

बोटं चाटत जेवली ती. मग माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, लाथा मारतंय. त्याला पण आवडलं."

हाताखाली ते खरंच हललं. तिनं वाटी पुढे केली, आणि मी वाढलं.