काकूवर घेतलेली चाचणी

आमच्या साहेबांचा एक लाडका सिद्धांत होता. गिऱ्हाइकाला वस्तू हवी आहे का, हे विचारत बसायचं नाही. ती काढून घ्यायची आणि तो ओरडतो का ते पाहायचं. ओरडला तर धंदा आहे, नाही ओरडला तर गाशा गुंडाळायचा. हे ते पांढऱ्या फळ्यावर लिहीत आणि आम्ही बेळगावच्या त्या थंडगार ऑफिसात माना डोलवत असू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ते फार हुशारीचं वाटलं होतं.

कंपनी लहान होती. आम्ही सोलं, म्हणजे आमसुलं, वाळवायचं यंत्र बनवत होतो. माणसाच्या उंचीचं पत्र्याचं कपाट, आत जाळीची ताटं आणि पंखा, कौलांवर सौरपट्टी, पोटात सिमकार्ड. आतली हवा किती गरम, किती दमट, ते ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसे आणि तिथूनच यंत्र चालू किंवा बंद करता येई. आमच्या जोयडा तालुक्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात ती नेमकी उन्हाळा संपता संपता. सालीला रसाची पुटं देऊन वाळवायचं तर सलग ऊन हवं, आणि तेव्हाच आभाळ भरून येतं. म्हणून साहेबांनी जोयडा निवडला, आणि मी तिथल्याच गुंद गावची म्हणून मला नोकरीला घेतलं.

पहिलं यंत्र माझ्या काकूच्या पडवीत बसलं. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. काकूचा हातगुण वाडीत सगळ्यांना ठाऊक होता. रसात पहिलं मीठ तिच्या हातचं पडलं की सोलं वर्षभर नरम राहतात, बुरशी धरत नाहीत, असा बायकांचा विश्वास. हंगाम आला की शेजारणी तिला घरोघर बोलावून नेत. अंगावर सोनं नाही, घरात तिचा शब्द चालत नाही. मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि ती मनापासून मिरवायची.

साहेब दोनदा गुंदला आले. काकूनं त्यांना जेवायला वाढलं. यंत्र कसं वाटतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, 'लई बेस हाय.' गाडी वळणाआड गेल्यावर मला सांगत बसली की दार अडकतंय, ताट काढताना बोटं भाजतात, आणि हे असलं कपाट करणाऱ्याला त्यातच कोंडायला हवं. पाव्हण्यानं दारात आणून ठेवलेल्या वस्तूला त्याच्या तोंडावर नावं ठेवायची नसतात, ही आमच्याकडची साधी रीत. मी ते साहेबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, नात्यागोत्याचं मध्ये आणू नकोस, आकडे बघ.

भाजली बोटं तरी यंत्र चाललं. पहिल्या वर्षीची सोलं चांगली उतरली. दुसऱ्या वर्षी काकूनं वाडीतल्या सगळ्यांना सांगितलं की ऊन असू दे नाहीतर नसू दे, तुमची भिरंडं माझ्या पडवीत आणा. आणली त्यांनी. तिच्या शब्दावर अख्ख्या वाडीचा हंगाम एका कपाटात गेला.

त्याच हंगामात साहेबांनी आमच्या टीमची मीटिंग बोलावली. तालुक्यातली काही यंत्रं आपण मुद्दाम बंद ठेवली होती, असं त्यांनी सांगितलं, आभाळ भरलेले दिवस बघून. गुंदचं त्यातच होतं. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. 'तू घरी फोन केला असतास आणि चाचणी नासली असती,' ते हसून म्हणाले. मग स्क्रीनवर एक सपाट रेघ दाखवली. यंत्र बंद पडलं म्हणून एकाही घरातून तक्रार आली नव्हती. शेवटी त्यांनी ऑफिसातून केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, आम्ही हे यंत्र परत नेलं तर तुम्हाला किती वाईट वाटेल? खूप, थोडं, की अजिबात नाही?

'अजिबात न्हाई,' काकूचा आवाज आला. 'खुशाल न्या बाई. तुमी वाईट वाटून घेऊ नगा.'

खोलीत हशा पिकला. हे यंत्र आता बंद, असं म्हणत साहेबांनी फळ्यावरची त्याची चौकट पुसली आणि चहा मागवला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मला त्या माणसाचा इतका राग आला की आलेल्या चहाला मी हात लावला नाही.

त्या दिवसांत मी घरी फोन केला नव्हता असं नाही. रोज करत होते, आणि काकू रोज म्हणायची, सगळं ठीक हाय. मी गुंदला गेले तेव्हा सोलं उकिरड्यावर होती. काळी पडलेली, वर पांढरी लव आलेली, आंबूस वास घरापर्यंत येत होता. यंत्र बंद पडल्यावर तिनं चुलीवर, माळ्यावर, मिळेल तिथं साली पसरल्या होत्या. एवढा ढीग कुठं पुरणार? घरात होती ती गेल्या वर्षीची चांगली सोलं तिनं शेजारणींना वाटून टाकली. त्यांनी ती घेतली. वाटेत मला गाठून त्यातली एक म्हणाली की तुझ्या काकूचा हात गेला ग, वय झालं आता.

फोन का नाही केलास, मी काकूला विचारलं.

'तुझा सायेब म्हनला असता, हिच्या काकूनं मशीन मोडलं. तुझं काम गेलं असतं.'

मग मी तिला खरं ते सांगितलं. मशीन मोडलं नव्हतं. तू ओरडतेस का ते बघायला बंद केलं होतं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मी म्हटलं, मी आत्ता घरोघर जाऊन सांगते, तुझ्या हाताचा यात काही दोष नाही म्हणून.

'न्हाई सांगायचं,' ती म्हणाली. 'माझ्या पोरीच्या कंपनीनं जानूनबुजून वाडीचं अन्न नासवलं, असं सांगू व्हय? त्यापरीस माझा हात गेला म्हनू देत.'

आपलेच दात, आपलेच ओठ. मी रडले आणि म्हटलं, मग मी ती नोकरी तरी सोडते.

'नोकरी बी सोडलीस तर माझा हात फुकटच गेला म्हनायचा,' काकू म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

मी अजून तिथंच आहे. साहेब हल्ली नव्या पोरांना भाषणं देतात, चुकलेलं प्रॉडक्ट वेळीच मारायला धैर्य लागतं म्हणून, आणि काकूचं ते रेकॉर्डिंग ऐकवतात. पोरं हसतात.

यंदा भिरंडं पिकली तेव्हा मी रजा काढून गुंदला होते. शेजारणी पहिलं मीठ टाकायला खालच्या घरच्या सुनेला घेऊन निघाल्या, त्या आमच्याच अंगणातून गेल्या. काकू दारात उभी होती. तिनं त्यांना गूळपाणी विचारलं. कुणीच थांबलं नाही.