लेआउटमधलं मोहाचं झाड

आमच्या लेआउटमधल्या लोकांना झाडं फार आवडतात, फक्त त्यांनी पानं गाळू नयेत. सावली हवी, कचरा नको. पक्षी हवेत, पण त्यांनी आपली घाण दुसऱ्याच्या गाडीवर करावी. फाल्गुनात सागाची सुपाएवढी पानं टिनाच्या छपरावर पडू लागली की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी त्यांचे फोटो येतात, खाली रागाची लाल तोंडं. त्याच ग्रुपचं नाव ‘हरित परिवार’ आहे. मी या परिवारात बावीस वर्षं राहते आहे आणि मला तो दिवसेंदिवस असह्य होत चालला आहे.

यवतमाळहून घाटंजीच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डाव्या हाताला जंगल सुरू होतं. त्याच्या कडेचं एक पडीक शेत घेऊन कुणीतरी प्लॉट पाडले, तेच आमचं लेआउट. घेणारे आम्ही सगळे नोकरदार: जिल्हा परिषदेचे मास्तर, कृषी खात्यातले बाबू, एसटीचे कंट्रोलर. मी आणि माझे यजमान दोघंही शिक्षक. माझ्या प्लॉटवर मोहाचं जुनं झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. यजमानांना ते तोडायचं होतं, मी तोडू दिलं नाही. त्याची फुशारकी मी पुढे कित्येक वर्षं मारली.

पहिली तीन-चार वर्षं हालाची होती. नळ नाही, रस्ता नाही, संध्याकाळी सहाला लाइट जायची. आमच्या ओळीच्या मागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती. त्या पोडातल्या माणसांनी आमच्या घरांचे पाये खोदले. आमच्या विटांची राखण केली. न्हाणीघरात नाग निघाला की आम्ही नाल्याकडे तोंड करून ओरडायचो आणि तिकडून कुणीतरी काठी घेऊन पळत यायचं. आज तीच माणसं गेटवर आधार कार्ड दाखवून, वहीत नाव लिहून आत येतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नाव चौकीदार लिहितो, आणि ते हमखास चुकीचं लिहितो.

त्या पोडातली एक म्हातारी. तेव्हा ती म्हातारी नव्हती. आम्ही राहायला आलो त्या वर्षी चैत्रात, अजून उजाडायचं होतं, मागच्या अंगणात खुडबुड ऐकू आली म्हणून मी टॉर्च घेऊन बाहेर आले. ती मोहाखाली उकिडवी बसून फुलं वेचत होती. मी विचारलं, “कोण गं तू?” तिने मान वर न करता सांगितलं, “झाड माहं हाये बाई.” पोडात प्रत्येक मोहाला घर ठरलेलं असतं, हे मला नंतर कळलं. हा मोह तिच्या सासूचा, त्याआधी सासूच्या सासूचा. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. आमच्याकडे रजिस्ट्री झालेल्या प्लॉटमध्ये शेजारी हातभर भिंत घुसवतात, म्हणून मला त्या रीतीचं अप्रूप वाटलं. मी म्हटलं, येत जा. ती म्हणाली, “येतेच.”

आणि ती येत राहिली. फुलं गळायला लागायच्या आधी झाडाखालची वाळली पानं जाळून जमीन मोकळी करायची, मग महिनाभर पहाटे येऊन एकेक फूल वेचायचं, टोपली भरायची, आठच्या आत मजुरीवर पोचायचं. ती फुलं वाळवून तिचं घर पावसाळ्यात खायचं आणि बाकीची बाजारात न्यायची. माझ्याशी ती फार बोलत नसे. मला मात्र पाहुण्यांना तिच्याविषयी सांगायला आवडायचं.

मग आमचं लेआउट सुधारलं. सिमेंटचा रस्ता झाला, हास्यक्लब निघाला, गेट बसलं, आणि वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब अध्यक्ष झाले. या गृहस्थांनी आयुष्यभर जंगल राखलं म्हणतात. कुणापासून राखलं, ते त्यांच्या पहिल्याच ठरावावरून कळलं: बाहेरच्या माणसाला सकाळी आठच्या आधी प्रवेश नाही, आणि आवारात पालापाचोळा जाळायचा नाही.

सभेत मी उठून बोलले. मोहाचं फूल पहाटे पडतं, आठपर्यंत वानरं आणि गाई ते खाऊन टाकतात, आठला ती बाई शेतात हजर नसली तर तिचा रोज बुडतो, हे सगळं सांगितलं. अध्यक्ष हसले. “मॅडम, एका बाईसाठी गेट उघडलं तर उद्या अख्खा पोड आत येईल. अन् मोह कायले लागते त्याहीले, तुमाले माहीत नाही काय?” असं म्हणून त्यांनी अंगठा तोंडाकडे नेला. सगळी सभा हसली. माझ्या शेजारी बसलेल्या बाई एरवी माझ्या घरी चहाला येणाऱ्या, त्याही हसल्या. मी तिथल्या तिथे त्यांच्याशी बोलणं सोडलं. ठराव मंजूर झाला.

मी ठरवलं, तिचं नुकसान होऊ द्यायचं नाही. चौकीदाराकडून निरोप धाडला की फुलं मी गोळा करून ठेवते, रविवारी येऊन ने. आठ दिवस मी पहाटे उठले. गुडघे दुखतात म्हणून खराट्याने झाडून ढीग केला, ढीग प्लास्टिकच्या टबात भरला, मुंग्या लागू नयेत म्हणून वर घट्ट झाकण ठेवलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की काय सांगू.

रविवारी ती गेटवर वहीत नाव लिहवून, सगळ्या लेआउटला वळसा घालून आली. पाठीत वाकली होती. तिने झाकण काढलं आणि वासाने मीच मागे सरले. फुलं आंबून काळी पडली होती, चिकट लगदा झाला होता, त्यात माती, काड्या, सागाच्या पानांचे तुकडे.

“बाई, मोह खराट्यानं गोया नाई करत. फुटते थो. अन् वला झाकून नाई ठेवत.”

मी गडबडून बोलू लागले. अध्यक्ष किती नालायक, सभा कशी हसली, गेटचा ठराव कसा झाला, मी एकटी कशी लढले. ती ऐकत होती. मग तिने नाल्याकडच्या बाजूला हात केला.

“गेट त्याहीचं हाये. पन ही भित त तुमची हाये ना? ह्या भितीआंधी मी तिकून येत होती. दहा मिन्टं लागत होते.”

भिंत मी बांधली होती. पाच वर्षांपूर्वी, यजमान गेल्यावर, सात फुटी. आधी तिथे तारेचं कुंपण होतं आणि त्यात तिच्या जाण्यायेण्याने पडलेलं खिंडार. एकटीला भीती वाटते असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. भीती कुणाची, ते कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. भिंत झाल्यावर ती गेटने येऊ लागली, अर्ध्या तासाची पायपीट करून, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. ठरावाच्या विरोधात तावातावाने भाषण करताना सुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. ती टब तसाच सोडून निघून गेली आणि उरलेला चैत्र आलीच नाही. फुलं पडत राहिली, वानरं खात राहिली.

दिवाळीनंतर मी गवंडी बोलावला आणि भिंत फोडून दार काढलं. कुलूप लावलं नाही. चार दिवसांत नोटीस आली, मागोमाग अध्यक्ष स्वतः आले.

“मॅडम, हा सगळ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.”

“तुमच्या घराचा पाया कुणी खोदला, साहेब?”

“त्याचे पैसे दिले होते आम्ही.”

“मग मीही गवंड्याला पैसे दिलेत. निघा आता.”

त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. हास्यक्लबातल्या बायका माझ्या दारावरून जाताना हसायच्या थांबतात. आपल्याला फार हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. चैत्र आला तरी ती येईल की नाही याचा पत्ता नव्हता. पोडात जाऊन तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. गवंडी तिथलाच, तो सांगेल अशी आशा धरून मी बसले.

पहिली फुलं पडायच्या थोडं आधी एका सकाळी धुराचा वास आला. मागे गेले तर ती झाडाखालचा पाला जाळत होती. सोबत तिची नवी सून, अठरा-एकोणीस वर्षांची. कोणती फांदी आधी फुलते, वानरं कुठून उतरतात, ते म्हातारी तिला बोट दाखवून सांगत होती. मला पाहून सून बिचकली, डोक्यावरचा पदर सावरत सासूकडे बघू लागली.

“भिऊ नको,” म्हातारी म्हणाली. “हे झाड आपलं हाये. ह्या बाई इथं राह्यतात.”

मला राग आला. खरंच आला. बावीस वर्षांचं घर, माझ्या पैशाने काढलेलं दार, अख्ख्या लेआउटशी घेतलेलं वैर, आणि मी कोण, तर इथं राहणारी बाई! तरातरा घरात गेले, कपाट उघडलं आणि खरेदीखत काढून वाचत बसले. चारी बाजूंच्या हद्दी होत्या, चौरस फूट होते, आमच्या दोघांच्या सह्या होत्या. शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचलं. झाडाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.