राखणदाराचा फणा

आई गेल्यावर बाबांना मी कुवेतला आणलं ते भांडूनच. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात त्यांची गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची पडवी. गणपतींच्या आधी तिथे नागपंचमीचे नाग व्हायचे आणि गावातल्या घराघरांत आमचाच नाग पुजला जायचा. पुढे टेम्पोतून तयार मूर्ती यायला लागल्या, त्यात बाबांचा हात थरथरू लागला आणि शाळेला कुलूप पडलं.

सामानात त्यांनी कपडे कमी आणि माती जास्त आणली. ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक गोळा. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून मी घरी यावं, तर हे त्याच्यावर पाणी शिंपडत बसलेले. माझ्यापेक्षा त्या गोळ्याची विचारपूस जास्त. एक नाग तरी अजून आपल्या हातून होतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते वर्तमानपत्र पसरून बसले. माझी मुलगी इथेच वाढलेली. वेटोळं आणि त्यावरचा फणा बघून म्हणाली, "वॉव आजोबा, इज इट अ ड्रॅगन?"

"ड्रॅगन न्हय गो. नाग तो. जाग्याचो राखणदार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हंयच्या जाग्याक राखणदार कोण?"

"खाली हारिस आसा मां," मी म्हटलं. हारिस म्हणजे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन. बाबा हसले नाहीत.

नाग मात्र सुरेख झाला. फणा रुंद, मान बारीक. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. मी नैवेद्याच्या पातोळ्यांचं पीठ कालवायला स्वयंपाकघरात गेले आणि बाबा नाग उचलून बाल्कनीत गेले.

"ऊन कसला बरा पडलाहा!" त्यांचा आवाज आला.

आमच्याकडे श्रावणात उन्हाची तिरीप दिसली की सगळं घर ओले नाग वाळवायला अंगणात धावायचं. जन्मभर ते उन्हामागेच धावले. इथलं ऑगस्टचं ऊन, ज्यात माणूस उभा राहत नाही, त्यांना देवाने दिल्यासारखं वाटलं. मी जाऊन बघेपर्यंत मान तडकून फणा लादीवर पडला होता.

"ऊन जास्त झाला, बाबा."

"उनान खंय मोडता? हातच गेलो माझो."

त्यांनी तुकडे भिजवले, पुन्हा मळले. वेटोळं जमलं. फणा जमेना. अंगठा थरथरायचा आणि माती फाटायची. शेवटी त्यांनी गोळा माझ्यापुढे सरकवला.

"तू काढ फणो. तुका येता मां?"

मला येत नव्हतं. मळणं, वेटोळं, रंग, सगळं येत होतं. फणा तेवढा मुलींनी काढायचा नाही, अशी आमच्या शाळेची रीत. मुलगी परक्या घरी जाणार, विद्याही तिच्याबरोबर जाणार, म्हणून. लहानपणी मी हात पुढे केला की बाबाच मनगटावर चापट मारायचे. आता ते हे साफ विसरले होते. मला राग आला, इतका की रडूच फुटलं.

"येयत नाय माका," मी म्हटलं.

"कसा येयत नाय?" त्यांनी खरोखरच आश्चर्याने विचारलं. "तू माझ्याच शाळेतली मां?"