रेडिओवर बरी झालेली माय

माझ्या बापाचा आवाज चांगला होता, आणि आमचं वाटोळं त्या आवाजानंच केलं. मी हे बोलले की चर्चच्या मंडळीतले लोक अजूनही कानांवर हात ठेवतात. ठेवू देत.

दयाराम त्याचं नाव. अमडापूरच्या बाजारात तो कापड विकायचा. ओरडायला लागला की पलीकडच्या दुकानातली गिऱ्हाइकं उठून इकडे यायची. एकदा मेहकरला तापानं फणफणला असताना एका पेंटेकॉस्टल प्रचारकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि ताप उतरला. झालं! बापानं पैनगंगेत बुडी मारून बाप्तिस्मा घेतला, कापड सोडलं आणि तो पास्टर झाला. सोंग नव्हतं ते. प्रार्थना करताना तो खरोखर रडायचा. सोंग असतं तर परवडलं असतं. सोंगाड्या माणूस घरात दुखणं आलं की गुपचूप डॉक्टर तरी गाठतो.

पुढे मिशनवाल्यांनी टेपचं यंत्र आणलं. दूरच्या कुठल्याशा केंद्रावरून दर रविवारी संध्याकाळी बापाचा उपदेश रेडिओवर लागू लागला. शेवटी एखाद्याची साक्ष असायची, प्रार्थनेनं आपण कसे बरे झालो त्याची. माझी आई, कोकिळा, तेव्हा क्षयाची औषधं घेत होती. रोज दवाखान्यात जाऊन सुई टोचून यायची. खोकला थांबला, अंगावर जरा मांस आलं, तसं बापानं तिलाच यंत्रापुढे बसवलं.

"प्रभूनं मले बरं केलं," आई म्हणाली. सुयांचं नाव कुणीच काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याला निघाली, तर बाप दारात आडवा.

"साऱ्या मुलखाले बरी झाली म्हून सांगतलं, अन् आता सुई घ्याले जाऊन राह्यली? देवाले खोटं पाडतं काय?"

आईनं पायातल्या चपला काढून ठेवल्या. मधेच औषध सोडलं तर दुखणं उलटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते बापाला ओरडून सांगितलं, तर त्यानं मलाच अविश्वासी ठरवलं. त्याच वर्षी तुरीला शेंगा धरायच्या आत आई गेली.

आणि तिची साक्ष? लोकांना आवडली म्हणून केंद्रवाले ती पुन्हा पुन्हा लावायचे. मी रेडिओ बंद करी, बाप परत चालू करी. "तिचा आवाज हाये पोरी," एवढंच म्हणायचा. तेव्हा मला त्याची दया यायची, आणि त्या दयेचाही राग यायचा.

एक दिवस रोहिणखेडहून बनाबाई नावाची बाई आली. गालफडं बसलेली, दम लागलेला.

"कोकिळाबाईले भेटाले आली," ती बापाला म्हणाली. "त्यायचं रेडिओवर ऐकलं अन् म्या बी सुया सोडल्या. पन खोकला काही जाऊन नाही राह्यला. त्यायले इचारतो, काऊन असं?"

बाप थबकला. मग पुटपुटला, "मायेरी गेली हाये ते."

मी हातातली परात आपटली. "माय मेली, बाबा! सुया सोडल्या म्हून मेली!"

बनाबाईचा हात धरून मी तिला गावाबाहेर, आईला पुरलं त्या मातीपाशी नेलं. "घ्या मावशी, भेटा."  बाप मागोमाग आला होता. तिनं त्यालाच विचारलं, "पास्टर, आता मी काय करू?"

मुलूखभर उपदेश करणारा माणूस पाठ फिरवून घराकडे चालू लागला. मीच तिला एसटीत बसवून दवाखान्यात नेलं.

त्या रविवारी आई रेडिओवर पुन्हा बरी झाली. एरवी तिची साक्ष संपली की बाप 'हालेलुया' म्हणायचा, या वेळी म्हणाला नाही. पण ही साक्ष आता लावू नका, एवढं मिशनवाल्यांना सांगायला त्याचा तो आवाज मरेपर्यंत फुटला नाही.