पुतळाबाईच्या नोकरीला पंचवीस वाटेकरी

पुतळाबाईला नोकरी लागली ती सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये, गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत, आशाताईंच्या बालशाळेत. बालशाळा म्हणजे काय, तर एका बंगल्याचा खालचा मजला, तीन ते सहा वर्षांची पंचवीस मुलं आणि एकट्या आशाताई. त्यांना झाडण्यापुसण्याला माणूस हवं होतं. या कामात पुतळाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेठकडच्या गावात सहा वर्षांची होती तेव्हापासून तिने दुसरं केलंच काय होतं? आणि गरज तर अशी होती की विचारू नका. नवरा देवराम अंबडला ज्या कारखान्यात हेल्पर होता तो होळीनंतर बंद पडला, आणि तेव्हापासून गडी घरात बसून रेडिओ ऐकत होता. ही नोकरी टिकली तर सिडकोतली खोली टिकणार, नाहीतर बोचकं बांधून परत गावाला.

पहिल्या दिवशी ती सातला हजर झाली. पदर खोचला, केरसुणी उचलली, आणि आशाताई म्हणाल्या, "हॉल राहू द्या, पुतळाबाई. तो मुलं झाडतील."

आता मुलं कोण, तर ज्यांच्या नाकाला अजून रुमालाचा पत्ता नाही अशी. ताईंनी फरशीवर खडूने गोल काढला. रंगीत कागद घेतला, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि चांगल्या स्वच्छ फरशीवर मूठभर उधळून दिले. मग राजू नावाचा साडेतीन वर्षांचा मुलगा हातभर झाडू घेऊन आला आणि एकेक तुकडा गोलात लोटू लागला. अकरा मिनिटं लागली त्याला. ताई शेजारी छोट्या खुर्चीत ढिम्म बसून होत्या. बाई एवढी शिकलेली, चांगल्या घरची, आणि स्वतः केर करते, मग लेकराकडून काढून घेते. पुतळाबाईला तिची कीव आली.

पुढे पुढे तर तिने एकेक नवलच पाहिलं. पाणी या तांब्यातून त्या तांब्यात, त्या तांब्यातून परत या तांब्यात, आणि पिणारं कुणीच नाही. लाकडी चौकटीला कापड आणि कापडाला बटणं. मुलं ती लावायची आणि काढायची, पण सदरा कुठे नाही आणि अंगही नाही. जमिनीवर आखलेल्या रेघेवरून हातात घंटी घेऊन चालायचं, आणि घंटी वाजली तर पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या लोकांची मुलं, करतील काहीतरी, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

पण ऑगस्टात डबे पुसायचं काम गेलं. मग काकडी चिरायचं गेलं. मग चिंच लावून पितळी भांडी घासायचं गेलं, आणि ते तर तिच्या फार आवडीचं होतं. चटया गुंडाळणं, कुंड्यांना पाणी घालणं, सांडलेलं पुसणं, सगळं एकेक करून या बित्तभर माणसांनी ताब्यात घेतलं. दिवाळीपर्यंत पुतळाबाईकडे उरलं दार उघडणं आणि संडास धुणं. त्यातही एकदा दोघं जण संडासाच्या दाराशी उभं राहून मोठ्या आस्थेने बघताना तिला दिसले, आणि तिने घाईने दार ओढून घेतलं.

तिचा हिशेब सरळ होता. आशाताई तिच्या जागेवर घ्यायला एक नाही, पंचवीस जण तयार करत होत्या. बरं, पगार मागतील तर तेही नाही. हे लोक वर फी भरून काम करत होते. अशांपुढे कुणाचा टिकाव लागणार?

मग तिनेही कंबर कसली. सहालाच यायचं, कानाकोपरा झाडून पुसून लख्ख करायचा आणि छोटे झाडू कपाटावर टाकून द्यायचे. मुलं आली, झाडू शोधले, रडली बिडली नाहीत. तिच्यासमोर रांगेत उभी राहिली. रोशनी नावाची चार वर्षांची मुलगी पुढे होऊन म्हणाली, "मावशी, तू आमचं काम संपवलंस." राजूने नुसताच तिच्या केरसुणीकडे हात पुढे केला. तिने केरसुणी पाठीमागे घेतली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यापुढचा प्रकार तर फारच झाला. पुतळाबाई फडकं पिळत होती आणि रोशनी बाजूला उकिडवी बसून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, त्यात पाणी राहिलंय. थांब, मी दाखवते." तिने फडक्याची घडी घातली, एक टोक डाव्या मुठीत, एक उजव्या मुठीत, आणि सावकाश पिळून दाखवलं. जिने तीस वर्षं फडकी पिळली तिला ही शिकवणी. त्यात वाईट असं की फडकं खरोखरच जास्त कोरडं झालं. घरी येऊन तिने हे देवरामला सांगितलं. "मंग तूबी नाव घाल शाळंत," देवराम म्हणाला. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

संक्रांतीनंतर पालकांची सभा भरली. राजूचे वडील महेशराव अंबडलाच एका कंपनीत सुपरवायझर होते. ते उठले ते तक्रार घेऊनच. घरी सत्यनारायण होता, आणि राजूने फडकं आणून अकरा पाहुण्यांना पाय वर करायला लावले होते. "आम्ही मुलाला शिकायला पाठवतो की फरशी पुसायला?" ते म्हणाले. "या कामाला मावशी आहेत ना?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. महेशराव दारात उभ्या असलेल्या पुतळाबाईकडे वळले. "तुम्हीच सांगा, मावशी. हे काम तुमचं की मुलांचं?"

एक शब्द बोलायचा होता. माझं, म्हटलं की नोकरी पक्की. ऑगस्टापासून जिवाला जो घोर लागला होता तो तिथेच मिटणार होता. पुतळाबाईने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे केरसुणीसाठी पुढे आलेला राजूचा हात आला.

"काम माझंच हाय, साहेब," ती म्हणाली. "लय दिसांपासनं माझंच हाय. बाप, सासू, नवरा, कुनी कधी म्हनलं नाय, 'आन ती केरसुनी इकडं, आज मी झाडतो.' ही पोरं म्हनतात. मीच देत नव्हते, भ्याले म्हनून. तुमी नका त्यांना नाय म्हनू."

महेशराव काही वाईट माणूस नव्हते. पण सुपरवायझर ते सुपरवायझर. "म्हणजे काम मुलंच करतात," ते शांतपणे म्हणाले. "मग तुमची गरज काय?"

"तेच मी दिवाळीपासनं इचारते," पुतळाबाई म्हणाली. तिने कमरेला खोचलेली शाळेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. घरी देवरामला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

आशाताईंनी किल्ली उचलून महेशरावांपुढे धरली. "तुम्ही घेता ही नोकरी? सकाळी दार उघडायचं, आणि बारापर्यंत मुलं काम करताना मध्ये न पडता बसायचं. पंचवीस मुलांत मोठं माणूस मी एकटी पडते."

"एवढंच?" महेशराव हसले.

ताईंनी राजूला बोलावून स्वेटरची बटणं लावायला सांगितलं आणि महेशरावांना समोरच्या छोट्या खुर्चीत बसवलं. राजूने पहिलं बटण चुकीच्या काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. अख्खी सभा बघत बसली. दुसऱ्या बटणाला महेशरावांचा गुडघा हलायला लागला. तिसऱ्याला त्यांचा हात आपोआप पुढे गेला. "बाबा, माझं आहे ते," राजू म्हणाला आणि त्याने वडिलांचा हात बाजूला केला. मागच्या आया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"यांनाही आजवर जमलेलं नाही," आशाताई पुतळाबाईकडे बघत म्हणाल्या. "मला जमायला दोन वर्षं लागली. त्या शिकतील." आणि त्यांनी किल्ली तिच्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवसापासून पुतळाबाई खुर्चीत बसू लागली, म्हणजे बसवली गेली. ती खुर्ची वीतभर उंच, गुडघे हनुवटीला टेकत होते. समोर राजू एक कोपरा सोडून सगळं झाडत होता. तिचे हात नुसते शिवशिवत होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले. एवढं कष्टाचं काम तिने जन्मात केलं नव्हतं.

तासाभराने रोशनी पाण्याचा पेला घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. दोन्ही हातांत पेला, नजर पाण्यावर, एकेक पाऊल टाकत. पुतळाबाई सवयीने उठायला लागली.

"बस ना," रोशनी म्हणाली.

ती बसली. बसल्या जागी तिला आजवर कुणी पाणी दिलं नव्हतं. तापाने फणफणली होती तेव्हाही माठापर्यंत भिंत धरून तीच गेली होती. तिला रडू आलं, आणि रडता रडता पाणी पिणं काही जमेना.

रोशनी हात पुढे करून वाट बघत उभी होती. "मावशी, लवकर पी," ती म्हणाली. "मला पेला धुवायचाय."

पुतळाबाईने पाणी संपवलं आणि पेला तिच्या हातात दिला.