फ्रिजवरचा अंगठा

माझ्या खालच्या मजल्यावर बाप-लेक राहतात. बाप पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. त्या यंत्राने त्याच्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण ठेवला आहे. तीन वर्षांपूर्वी पाय गेले म्हणून त्याने अंथरूण धरलं ते धरलंच. लेक दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते आणि उरल्या वेळात मानसशास्त्र आणि फॉरेन्सिक सायन्सचा डिप्लोमा करते. बाप तिला ‘हवालदार’ म्हणतो, मीही तेच म्हणते.

पास झाली की दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळण्यासारखी होती. गेल्या वर्षी नेमकी प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी बापाच्या छातीत कळ आली आणि परीक्षा बुडली. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. यंदाची संधी शेवटची होती.

सरावासाठी घरातल्या माणसांचे ठसे घ्यायचे होते. शाईचं पॅड घेऊन ती बापाजवळ बसली, तेव्हा मी तिथेच होते.

“घे, दहाही घे. कोणाचा खून केलाय मी?”

“माझाच चाललाय, बाबा.”

“मग शिक्षा?”

“जन्मठेप. तीही मलाच.”

म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला. बोटं मात्र त्याने मोठ्या हौसेने पुढे केली. माझेही ठसे तिने घेतले. शाई नखातून जाता जाईना.

दुसऱ्या दिवशी हवालदार वर आली आणि दारातच उभी राहिली. हाताला काळी पूड तशीच होती. सरावासाठी तिने घरच्या फ्रिजच्या दारावर ब्रश फिरवला तर तिची बोटं उमटली, दूध ठेवायला जाते म्हणून माझी उमटली, आणि कडेला एक अंगठा. त्याच्या मधोमध आडवी रेघ.

“जुना असेल गं. ठसा तारीख सांगत नाही, हे तूच म्हणालीस ना?”

“ठसा नाही सांगत, मावशी. पण फ्रिज गेल्या उन्हाळ्यात आलाय.”

ती खुर्चीत बसली.

“मी त्यांना भांडं देते, मावशी. कुशीवर वळवते. पाठ पुसते.”

“मग विचार की सरळ.”

“काय विचारू? मला अडकवायला झोपून राहिलात का, असं?”

परीक्षेच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे सोबतीला खाली उतरले, तर तिने मला जिन्यातच थांबवलं. “आज येऊ नका.” मग आत वळून मोठ्याने म्हणाली, “बाबा, दूध फ्रिजमध्ये आहे. पाणीही तिथेच.”

“मला कोण देणार? अगं, छातीत दुखतंय माझ्या!”

“संध्याकाळी येते.”

ती गेली. मी वर येऊन विणकाम हातात घेतलं आणि टाके चुकवत बसले. जीव खालीच होता. दुपारी फ्रिजचं दार लागल्याचा आवाज आला. मला हायसं वाटलं आणि रागही आला.

संध्याकाळी ती परीक्षा देऊन आली आणि मलाही आत घेऊन गेली. बाप डोळे मिटून पडला होता. “दिवसभर घसा कोरडा आहे. कोणी फिरकलं नाही.” दुधाचं भांडं अर्धं रिकामं होतं. फ्रिजचं दार मात्र लख्ख पुसलेलं. त्याच्यावर तिची बोटं नव्हती, माझी नव्हती, कोणाचीच नव्हती.

हवालदार माझ्याकडे बघून हसली. मग तिचा चेहराच पडला.

“माझं ठशांचं पुस्तक वाचलंय त्यांनी,” ती हळूच म्हणाली. “उठून, कपाटातून काढून. मी जाईन म्हणून इतके घाबरलेत, मावशी. आता कशी जाऊ?”

तिने दूध कोमट केलं, बापाच्या मानेखाली हात घातला आणि चमच्याने पाजू लागली. तोही लहान मुलासारखा तोंड उघडत राहिला.

ती पास झाली. प्रयोगशाळेचं बोलावणं आलं, तेव्हा तिने फोनवर ‘घरी अडचण आहे’ एवढंच सांगितलं. अजून दवाखान्यात जाते. ती कामावर गेली की दुपारी खाली फ्रिजचं दार वाजतं. संध्याकाळी चमचा वाजतो.