मोतिया आणि चिमूटभर नीळ

आमच्या चुनेवाल्या चाचांइतकी घरं उताणं पडून पाहिलेला दुसरा माणूस अख्ख्या औरंगाबादेत झाला नसेल. गुलमंडीमागच्या आमच्या जुन्या घराला आतून रंग द्यायला ते दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या आधी खुलताबादहून एसटीने यायचे. हातात कुंच्यांची पिशवी, कानामागे विडी. आल्या आल्या चहा नाही, पाणी नाही. मधल्या खोलीत रिकामं पोतं अंथरायचे आणि त्यावर चक्क आडवे व्हायचे. मग अर्धा तास नुसते छताकडे बघत राहायचे. एकदा शेजारच्या काकू दारातून डोकावल्या आणि "अगं बाई, यांना काय झालं?" म्हणून ओरडल्याच. चाचा पडल्या पडल्याच म्हणाले, "काय नाय झालं. छत उभं राहून बगायचं नस्तंय, बाई. माणूस त्याच्याखाली निजतो, मग निजूनच बगावं लागतंय." काकूंनी घरी जाऊन स्वतःचं छत तसं पाहिलं, असं आई सांगायची.

भिंती खरवडायला लागले की चाचा जुने थर वाचायचे. नखाने एक पोपडा उचलायचे आणि सांगायचे, "हा हिरवा निजामाच्या वेळचा, पोलीस ॲक्शनच्या आदल्या सालचा. हा गुलाबी तुमच्या वडलांच्या लग्नातला. रंग कच्चा निघाला, लगीन पक्कं निघालं." घाई त्यांना खपत नसे. आभाळ आलं की "आज उजेड झूट बोलतोय" म्हणून कुंचा खाली. मग दिवसभर चौकात विडी ओढत बसणार. आई चरफडायची, आणि चरफडत चरफडतच त्यांना गरम भाकरी वाढायची. रंग कोणता हवा हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. कुणी पिस्ता म्हणो, कुणी आकाशी; चाचा मान डोलवून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "मोतिया बरा." मोतिया म्हणजे मोगऱ्याच्या पाकळीचा पांढरा. त्यासाठी चुन्यात चिमूटभर नीळ पडायची, आणि ती चिमूट किती हे फक्त त्यांच्या डोळ्याला कळायचं.

मी कॉलेजात होतो त्या वर्षी त्यांनी आधी मधल्या खोलीचं छत घेतलं. ओला चुना खरा रंग सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो छत निळंशार! चाचा खाली उभे राहून कौतुकाने विचारत होते, "कसा उतरला मोतिया?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने मला चिमटा काढला. तिने चहाचा कप पुढे केला. चाचांचा हात कपाच्या चार बोटं अलीकडेच हवेत मिटला.

"चाचा, डोळ्याचं कधीपासून?" आईने हळूच विचारलं.

त्यांनी चाचपडत कप धरला. मग म्हणाले, "जिंदगीभर लोकांच्या भिंतीला मोतिया चढवला, ताई. आता माझ्याच डोळ्यात उतरला." आणि एकदम हात जोडले. "गल्लीत कुणाला सांगू नका. कुणी कुंचा हातात देणार नाय. अन् डोळ्याला चाकू तर नक्कोच. उरलंय तेबी जायचं." मला फार वाईट वाटलं. एवढा बढाईखोर माणूस घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

आई म्हणाली, "भिंती तुम्हीच रंगवायच्या. डोळ्याचं ऑपरेशन करून या. तोवर या घरात दुसरा कुणी कुंचा लावणार नाही."

दिवाळी आली नि गेली, भिंती खरवडलेल्याच. भाऊबीजेला आत्या म्हणाली, "वहिनी, घराला देवी आल्या का गं?" आई हसली आणि लाडू पुढे केले. थंडीत एकदा चाचा कुंचे न्यायचं निमित्त करून आले. भिंतीवरून तळवा फिरवला. भिंत खरखरीत लागली.

"अजून तशीच ठेवली?"

"तशीच."

पुढच्याच आठवड्यात ते दवाखान्यात भरती झाले.

होळीच्या सुमाराला जाड भिंगांचा चष्मा लावून आले, पोतं अंथरलं, आडवे झाले. आम्ही दारात उभे. "ताई," ते म्हणाले, "हे आभाळ कुणी केलं?"

"तुम्हीच."

"या अल्ला! अन् इतके महिने याच्याखाली निजलात?"

"झोप छान लागते," आई म्हणाली. "हात लावू नका त्याला."

चाचा पडल्या पडल्या खूप वेळ बघत राहिले. "खरं सांगतो, मला मोतियाच दिसला होता," एवढंच म्हणाले. मग उठून भिंती रंगवल्या, मोगऱ्यासारख्या.

आता चाचा नाहीत, आईही नाही. भिंतींवर नंतर बरेच रंग चढले. छताला मी कुणाला हात लावू दिला नाही. यंदा माझ्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, पांढरं सगळं पिवळट दिसू लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. आदल्या दिवशी मधल्या खोलीत सतरंजी टाकली आणि उताणा पडून छताकडे पाहिलं. चाचा खोटं बोलले नव्हते. मोतियाच होता.